तांत्रिक अडचण नावाचं कुणी नाही

"तांत्रिक अडचण नावाचं कुणी आपल्याकडे कामाला आहे का गं?" ॲप बिघडलं आणि मी ग्राहकांसाठी नेहमीचा मेसेज लिहायला घेतला, की खुर्चीमागून हा प्रश्न यायचाच. "नाही ना? मग कोणी काय केलं ते लिही."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात ते सगळ्यांत जुने डेव्हलपर. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सेहेचाळिसाव्या वर्षी काका म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल? त्यांनाही आवडायचं नाही, पण ओ द्यायचे. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल बघा, ज्याच्यासमोर थापा मारायची पंचाईत होते. मला तर कधीकधी भयंकर राग यायचा त्यांचा.

शाळेची व्हॅन कुठे पोचली ते आमचं ॲप पालकांना दाखवायचं. एकदा मी त्यात थोडा बदल केला.

"व्हॅनमधलं जीपीएसचं यंत्र बंद पडलं तर काय दाखवतं, बघितलंस?" काकांनी विचारलं.

मला घरी जायची घाई. "हो, बघितलं."

कुठलं बघितलंय! पण माझ्या शब्दावर काकांनी होकार दिला आणि तो बदल पालकांच्या फोनवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक व्हॅन शीळफाट्याच्या गॅरेजात गेलेली. तिथे यंत्राची वायर काढली, ती तशीच राहिली. दुपारी व्हॅन मुलांना घेऊन आंबिवलीला निघाली, तरी ॲप शीळफाटाच दाखवत राहिलं आणि वर लिहिलेलं, 'आत्ता'. एका आईने ते पाहिलं. ड्रायव्हर फोन उचलेना. बाई दाराला कुलूप लावून रिक्षाने शीळफाट्याकडे सुटली. तिची पहिलीतली मुलगी मात्र वेळेवर घरी आली. बंद दारासमोर रडत बसली, शेजारीण बाजारातून येईपर्यंत.

काकांनी त्या आईचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"काका, तुम्हीच बोला ना."

"तू बोल. मी बसलोय इथे."

"ताई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी न तपासताच तपासलं म्हणून सांगितलं."

ती म्हणाली, "माझं लेकरू एकटं होतं गं दारात." मला रडू फुटलं. काकांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली, पण फोन काही घेतला नाही.

संध्याकाळी मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शाळेने ॲप बंद केलेलं. कुणाला तरी काढलं, असं त्यांना शाळेला सांगायचं होतं.

"हे पास कोणी केलं?"

"मी," काका म्हणाले.

ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी सांगायचं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबले. नोकरीच्या भीतीने माझी दातखीळ बसली.

त्याच आठवड्यात त्यांची नोकरी गेली. निघताना मला म्हणाले, "त्या ताईंशी चांगलं बोललीस हं." टोमणा असता तर बरं वाटलं असतं. पण ते मनापासून म्हणत होते.

आता त्यांच्या जागेवर मी बसते. मालकांची केबिन तिथून सहा पावलांवर आहे, दार बहुतेक उघडंच असतं. उरलेलं अर्धं सांगायला मी अजून आत गेलेले नाही.