इफ्ताहाच्या लेकीची छाया

आमच्या घरी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत छाया काढायची पद्धत होती. रोज संध्याकाळी एकानं बायबलातला जुना करार उघडायचा आणि त्यात येशूची खूण शोधायची, तो जन्माला यायच्या कितीतरी आधीची. इसहाक स्वतःच्या होमाची लाकडं खांद्यावर घेऊन डोंगर चढला, ती क्रूस वाहण्याची छाया. योना तीन दिवस माशाच्या पोटात राहिला, ती कबरेची. बाबांना छाया पटली की ते खिशातली लाल पेन्सील काढून समासात छोटा क्रूस काढायचे. क्रूस पडला की विषय संपला. त्यावर पुन्हा कुणी बोलायचं न्हाई.

बाबा अंबडजवळच्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक होते. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. त्या हिवाळ्यात धाकट्या भावाला टायफॉईड झाला, तीन आठवडे वाचतो का जातो असं चाललं, आणि वाचला. त्याच सुमारास अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, जालन्याला नर्सिंगला नंबर लागला. जूनमध्ये जायचं होतं. तिनं जुन्या जालन्यातून नर्सिंगला लागणारी एक पांढरी साडी आणून ट्रंकेत ठेवली होती. दिवसातून दोनदा ट्रंक उघडून बघायची.

मी तेरा वर्षांची होते आणि बाबांच्या शाबासकीसाठी नुसती हपापलेली. इसहाक, योना, सगळ्यांच्या छाया काढून झाल्या होत्या. मला कुणी न काढलेली छाया पाहिजे होती. शोधता शोधता इफ्ताह सापडला. त्यानं लढाईआधी देवाला शब्द दिला की जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होम करीन. जिंकून आला, तर दारातून त्याची एकुलती एक लेक डफ वाजवत, नाचत बाहेर आली. ती म्हणाली, तुम्ही शब्द दिलाय, तो पाळा. मी मोठ्या दिमाखात सांगितलं की बापाचा शब्द राखायला मरण पत्करलं, म्हणजे ही येशूचीच छाया.

बाबांनी पुस्तक जवळ ओढून ती गोष्ट पुन्हा वाचली. मंग त्यांनी पेन्सील काढली आणि नेहमीपेक्षा मोठा क्रूस काढला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्या दिवशी हवेत होते, मूर्ख कुठली.

दोन आठवड्यांनी बाबांनी अक्काला समोर बसवलं. भावाच्या तापात त्यांनीही देवाला शब्द दिल्ता. पोरगा उठला तर थोरलं लेकरू तुझ्या सेवेला देईन. घनसावंगीकडच्या एका उपदेशकाची बायको वारली होती, पदरी तीन लेकरं होती. त्याच्याशी लग्न करून अक्कानं मंडळीचं काम करायचं, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. अक्का म्हणाली, रोग्यांची सेवा ही सेवा न्हाई का? बाबा म्हणाले, त्याचा पगार मिळतो, ते अर्पण होत न्हाई.

अजून हे आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हाच माणूस गावातल्या नव्या विश्वासणाऱ्यांना दरडावायचा. म्हसोबाला नवस बोलू नका, बोकड कापू नका, तो अंधार आहे. आणि स्वतः गुपचूप नवस बोलून बसला, तोही पोटच्या पोरीचा! बोकड तरी स्वतःच्या पैशानं आणावा लागतो.

अक्का रडली, भांडली, दोन दिवस जेवली न्हाई. माय मूग गिळून बसली होती. शेवटी बाबांनी पुस्तक उघडून तो लाल क्रूस अक्कापुढं धरला आणि म्हणाले, "ही छाया मी न्हाई काढली. तुझ्या बहिणीनं काढलीय."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर ती भांडली न्हाई.

जूनच्या आत लग्न झालं. आमच्यात नवरीला पांढरी साडी लागते. खर्च कशाला, ट्रंकेत नवीकोरी आहेच, असं बाबा म्हणाले. अक्का तीच नेसली.

पुढच्या वर्षी पुन्हा ते उपासाचे चाळीस दिवस आले. माझी छाया काढायची पाळी आली तेव्हा घरात मंडळीतली चार माणसंही बसली होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, मागच्या वर्षीची माझी छाया चुकली, ती मी मागं घेते. बाबा म्हणाले, क्रूस पडलाय, आता मागं घेता येत न्हाई, बस खाली. मी बसले न्हाई.

"येशू स्वतःच्या मर्जीनं गेला. तिला कुणी विचारलं होतं? इसहाकाच्या वेळी देवानं बापाचा हात धरला, बदली मेंढा दिला. हिच्या वेळी कुणीच हात धरला न्हाई, बाबा. आपण सगळे इथंच होतो."

तेव्हा माय उठली. तिला वाचता येत नव्हतं, छाया काढायला ती कधी बसायचीही न्हाई. तिनं बाबांच्या खिशातली लाल पेन्सील काढली आणि आत जाऊन चुलीत टाकली. परत आली आणि सगळ्यांना चहा दिला. आमच्या घरात त्यानंतर कुणी छाया काढली न्हाई.

अक्काला त्याचा काय उपयोग? तिनं त्या तिघांना वाढवलं, आणखी दोघं झाली, त्यांनाही वाढवलं. जालन्याला गेली ती फक्त दुसऱ्या बायकांच्या बाळंतपणात सोबत म्हणून.

बाबा गेल्यावर ते पुस्तक माझ्याकडं आलं. लाल क्रूस अजून तसाच आहे. मी खोडायला बघितलं, कागद फाटायला लागला, सोडून दिलं. मंग ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचली. बापाचं नाव आहे, त्याच्या बापाचं आहे, त्यानं जिंकलेल्या गावांचीसुद्धा आहेत. पोरीचं नाव कुठंच न्हाई. मी शाईचा पेन घेतला आणि त्या क्रूसाच्या शेजारी माझ्या बहिणीचं नाव लिहिलं.