पेन्शनरांची पंगत

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाईंइतकं कुत्र्यांचा मान ठेवणारं आणि माणसांना धारेवर धरणारं माणूस साऱ्या करवीर संस्थानात दुसरं झालं नाही. खोटं कशाला सांगू, लग्न होऊन त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं होतं की आपल्या वडलांनी नीट चौकशी केली नाही. मी साताऱ्याकडची. शुक्रवार पेठेतल्या त्या चार खणांच्या घराच्या उंबरठ्यावर माप ओलांडायला उभी राहिले, मान वर केली, तर समोर सोप्यात माणसांऐवजी पाच-सात लांबुळकी तोंडं एका ओळीत माझ्याकडे बघत बसलेली. मी किंचाळले. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. आतून आत्याबाई कडाडल्या, "वरडतीस कशापायी? पदर घे आदी! थोरली मंडळी बसल्यात, दिसत न्हाई व्हय?" मी घाबरून पदर घेतला आणि माप ओलांडलं. थोरली मंडळी शेपट्या हलवत उठली आणि मापातले सांडलेले तांदूळ हुंगायला लागली.

ही सगळी मंडळी महाराजांच्या शिकारखान्यातली. त्या वेळी महाराजांना शिकारीचा भारी षोक. शिकारखान्यात चित्ते होते, घोडे होते, आणि कुत्री तर विचारू नका. आपल्या मुलखातली सडपातळ करवानी होती, विलायतेहून आलेली ग्रेहाउंड होती, एक रेशमी कानांचा इराणी होता. ही जात वासावर चालत नाही, नजरेवर चालते. लांब माळावर ससा हलला की तो तिला दिसतो, आणि दिसला की ती सुटते. पण हे सगळं भर उमेदीत. पाय गेले की शिकार संपली. आत्याबाईंचे यजमान तिथं जमादार होते. मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या लग्नाआधीच ते गेले. ते गेले तेव्हा त्यांच्या हाताखालच्या एका थोराड करवानी कुत्र्यानं अन्न सोडलं. शेवटी नव्या जमादारांनी त्याला घरी आणून आत्याबाईंसमोर उभं केलं, आणि त्यानं त्यांच्या हातून भाकरी खाल्ली. तेच आमचे सुभेदार. ही पदवी आत्याबाईंनी दिलेली. मग जो कुत्रा म्हातारा होईल, लंगडा होईल, तो या घरी येऊ लागला आणि येईल त्याला आत्याबाई अहोजाहो करू लागल्या.

"सरकारची चाकरी करून आल्यात," त्या म्हणायच्या. "पेन्शनर हाईत ते. तू कुणाची चाकरी केलीस रं?"

हा प्रश्न माझ्या नवऱ्याला असायचा, आणि तो बिचारा दरबारातच कारकून होता. "मी पण सरकारचीच चाकरी करतो की, आत्या."

"तू बसून करतोस. त्यांनी पळून केली."

यावर तो टोपी घालायचा आणि कामावर जायचा.

घरातल्या गाद्या पेन्शनरांच्या होत्या. लोकांना वाटतं, पळणारी जात म्हणजे दिवसभर घरात धुडगूस घालत असेल. कसलं काय! असली आळशी जात मी जन्मात पाहिली नाही. चारी पाय वर करून, मान गादीच्या कडेवरून खाली सोडून सगळे असे पसरायचे की पाहुण्याला बसायला कोपरा मिळू नये. खुद्द माझे वडील मला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "पावणं, वाईच सरकून बसा, लेडीबाईंचा पाय अवघडलाय." लेडीबाई म्हणजे विलायती ग्रेहाउंड, रंगानं राखी आणि स्वभावानं माझ्या सासरच्या कुठल्याही बाईपेक्षा गरीब. वडील सरकले. सरकत सरकत ते शेवटी उंबऱ्यावर आले आणि चहा त्यांनी तिथंच घेतला.

या कुत्र्यांची हाडं वरून मोजता येतात, जातच तशी. पण हे पेठेला कोण सांगणार? नव्यानं राहायला आलेली प्रत्येक बाई आमच्या दारावरून जाताना चुकचुकायची आणि जमादारीण मुक्या जिवांना उपाशी ठेवते म्हणून आमच्या परसात भिंतीवरून भाकऱ्या टाकायची. आमची मंडळी घरचं खाऊन ते पुण्यही पदरात पाडून घ्यायची आणि तरीही त्यांची हाडं दिसायचीच. एका बाईला आत्याबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "तुजा नवरा बी काडीच हाय की. त्याला कोन भाकरी टाकतंय का?" त्या बाईनं पुढं दोन सणांना आमच्याकडे हळदीकुंकवाला पाय टाकला नाही.

अंगावर चरबी नाही म्हणून त्यांना थंडी फार. दिवाळी सरली की आत्याबाई सुईदोरा घेऊन बसायच्या आणि जुन्या लुगड्यांच्या झुली शिवायच्या. सुभेदारांना पैठणी काठाची, लेडीबाईंना चौकड्याची. इराण्याला त्या खानसाहेब म्हणत, त्याला हिरवा रंग ठरलेला. माझ्या माहेरच्या हिरव्या इरकलीवर त्यांचा डोळा आहे हे मला पहिल्याच थंडीत कळलं. मी ती ट्रंकेत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली.

पण सगळ्यात बघण्यासारखी होती ती पंगत. सोप्यात ओळीनं पत्रावळी मांडायच्या, ज्येष्ठतेनं. पहिलं पान सुभेदारांचं, मग लेडीबाई, मग खानसाहेब, असं. ताकात कुस्करलेली जोंधळ्याची भाकरी, आणि मटण असेल त्या दिवशी अळणी रस्सा आधी त्यांना, मग त्यात तिखट पडून आम्हाला. वाढून झालं की आत्याबाई डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, एरवी तो कुठंही असो, आणि खणखणीत हाक द्यायच्या, "पानं वाढली!" की गादीवरचे, परसातले, चुलीजवळचे सगळे येऊन आपापल्या पानासमोर बसायचे. "घ्या" म्हटल्याखेरीज कुणी तोंड घालायचं नाही. त्या हाकेची जरब एवढी की शेजारच्या मांजरामागं सुटलेलं कुत्रं अर्ध्या वाटेतून माघारी फिरायचं. मी नव्यानं आले तेव्हा एकदा चुकून पदर न घेता वाढायला गेले. आत्याबाईंनी माझ्या हातातली पळी काढून घेतली. "सुभेदारांम्होरं उगड्या डोक्यानं? माहेरी हेच शिकलीस?" मी रडले. सुभेदारांनी येऊन माझा हात चाटला, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "बग, मोठं मन हाय त्यांचं."

या पंगतीत शेवटचं, दाराजवळचं पान तुफानचं. त्याच्यासाठी पदर नाही, अहोजाहो नाही, काही नाही. कारण तुफान पेन्शनर नव्हताच. ऐन वयातला करवानी, पिवळ्या मातीच्या रंगाचा, पाय असे की बघत राहावं. नाव मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पहिल्याच शिकारीला बाकीची कुत्री सशामागं सुटली आणि हा पठ्ठ्या बाभळीच्या सावलीत बसला आणि त्यानं जांभई दिली. पुन्हा नेलं, पुन्हा बसला. जमादार कपाळाला हात लावून त्याला आमच्याकडे घेऊन आले. हे जमादार म्हणजे नवे, मुसलमान, आत्याबाईंच्या यजमानांच्या हाताखाली तयार झालेले आणि आत्याबाईंना वैनी म्हणणारे. "वैनी, हे कुनाच्याच कामाचं न्हाई, बगा."

आत्याबाईंनी ठेवून घेतला, पण उठताबसता त्याचा उद्धार चालायचा. "मेल्या, चाकरी न करता पेन्शन खातोस! लाज हाय का?" आणि असं म्हणत म्हणत त्याच्या पानात तुपाची धार इतरांपेक्षा जास्त पडायची. मी ते बघितलंय. झोपायला तो त्यांच्या पायाशी, आणि रात्री त्या पाय लांब करायच्या नाहीत, त्याची झोप मोडेल म्हणून.

रोज सकाळी आत्याबाई साऱ्या पलटणीला घेऊन रंकाळ्यापल्याडच्या माळावर जायच्या. तिथं सुभेदार उंचवट्यावर उभे राहून लांब बघत राहायचे. नजर शाबूत होती, पाय उरले नव्हते. काही हललं की ते कान टवकारून थरथरायचे आणि घशातून बारीक आवाज काढायचे. तुफान त्यांच्या शेजारी. तो आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा, मग ते बघतात तिकडे बघायचा. महिनोन्‌महिने हेच. आणि एका सकाळी गवतातून ससा उठला, सुभेदार कण्हले, आणि तुफान सुटला. त्यानं ससा धरला, तसाच उचलून आणला आणि सुभेदारांच्या पुढ्यात ठेवला.

आत्याबाईंचा आनंद काय सांगू! घरी येऊन तुफानला गूळ चारला, दृष्ट काढली, पेठेत घरोघरी सांगितलं. भाकऱ्या टाकणाऱ्या बाईलासुद्धा सांगितलं. आणि संध्याकाळी जमादार सहज डोकावले, तर त्यांच्या हाती चहा पडतो न पडतो तोच आत्याबाईंची सुरुवात, "जमादार, आमच्या तुफान्यानं ससा धरला! काय धावला म्हनून सांगू, वारा मागं पडला!"

जमादारांच्या हातातला चहा तसाच राहिला. ते हळूच म्हणाले, "वैनी, तुमी हे मला सांगायला नको हुतं."

तेव्हा कुठं आत्याबाईंच्या ध्यानात आलं. कुत्रं सरकारचं. पळत नव्हतं म्हणून इथं होतं.

"मी ऐकलंच न्हाई, असं समजा," जमादार म्हणाले.

तुफान आत्याबाईंच्या मांडीवर मान टाकून गूळ चाटलेले ओठ पुन्हा पुन्हा चाटत होता. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले, की बाई, एवढं एकदा यांना खोटं बोलू दे.

"तुमी ऐकलंय," आत्याबाई म्हणाल्या. "सरकारचं मीठ तुमी बी खाल्लंय, मी बी. सकाळी या माळावर."

सकाळी आम्ही सगळे माळावर. जमादार भला माणूस. त्यांनी आत्याबाईंकडे न बघता, मला सांगितल्यासारखं सांगितलं, "धावता धावता मदीच माघारी फिरलं, तर तसलं कुत्रं आमच्या कामाचं न्हाई. मग मी गपगुमान जातो." म्हणजे काय ते आम्हाला कळलं. एक हाक. मांजरामागून कुत्रं फिरवणारी हाक. तेवढी दिली की तुफान घरचा.

जमादारांनी झुडपात धोंडा टाकला, ससा उठला, सुभेदार कण्हले. तुफान सुटला. मी धावणारं कुत्रं तोवर पाहिलंच नव्हतं, झोपणारीच पाहिली होती. त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही कळत नव्हतं. मी आत्याबाईंचा दंड धरला. "आत्या, हाक मारा! मारा की हाक!" त्यांचं तोंड उघडं होतं. मला वाटलं, आता मारतात. तर त्या म्हणाल्या, "धावतंय बग गं पोरगं." आणि नुसत्या बघत राहिल्या. ससा धरून तुफान आला, थेट त्यांच्या पायांशी. त्यांनी त्याच्या गळ्यात जमादारांच्या हातातली दोरी स्वतः बांधली. घरी आल्यावर पंगत झाली, शेवटचं पान मांडलं नाही, आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढं काही वर्षं गेली. सुभेदार गेले, लेडीबाई गेल्या, दुसरी मंडळी आली. पण दर दिवाळीनंतर एक जास्तीची झूल शिवली जायची आणि ती शिकारखान्यात पोचायची. तिकडची बातमी जमादार आणायचे, तुफाननं आज अमुक केलं, महाराजांनी स्वतः पाठ थोपटली. आत्याबाई ऐकून म्हणायच्या, "खातोय का पर नीट?" एका थंडीत मीच किल्ली काढली आणि माझी हिरवी इरकल त्यांच्यापुढं टाकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कात्री लावली.

महाराज गेले त्या साली सारं कोल्हापूर सुतकात होतं. शिकारी थंडावल्या. एके दिवशी सकाळी आम्ही पानं मांडत होतो आणि दारात जमादार उभे. दाढी पांढरी झालेली. हातात दोरी, दोरीला तुफान. मागचा पाय ओढत होता, तोंड पिकलं होतं, अंगावर माझी इरकल. आत्याबाईंना एव्हाना फारसं दिसत नव्हतं. "कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"पेन्शनर आलाय, वैनी," जमादार म्हणाले.

आत्याबाई उठल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर पदर घेतला. "या," त्या म्हणाल्या. मग मला, "पयलं पान वाढ त्यांना. सुभेदारांच्या जागेवर." आवाज घट्ट ठेवला होता, पण पदराचं टोक डोळ्यांशी गेलंच.

मी पहिलं पान वाढलं. हाक झाली. बाकीचे बसले. तुफान लंगडत लंगडत आला, पहिल्या पानाजवळ थांबला, हुंगलं, आणि साऱ्या ओळीला वळसा घालून दाराजवळच्या आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसला. तिथं पान नव्हतं. तो नुसत्या जमिनीसमोर, मान खाली घालून, "घ्या"ची वाट बघत बसला.

"कुठं बसलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"दाराशी," मी म्हटलं. "पहिल्यासारखं."

त्या चाचपडत पहिलं पान उचलून घेऊन गेल्या, त्याच्यासमोर ठेवलं आणि त्याच्या शेजारीच खाली बसल्या. "मग आता पंगत ह्या टोकाकडनं मोजायची," म्हणाल्या, आणि त्याच्या पिकल्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. "घ्या" म्हणायचं त्या विसरल्या. सगळी मंडळी तशीच वाट बघत बसली होती, म्हणून शेवटी मी पदर सारखा केला आणि मीच म्हटलं.