मोहाच्या राईतले सोयरे

"जंगल पाहायला ये, हवापालट होईल," एवढंच वसंतानं लिहिलं होतं. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी मी पुण्याहून निघालो. झाडाला मिठी मारायची आहे, हे त्यानं आष्टीच्या स्टँडवर सांगितलं, तेही परतीची एसटी निघून गेल्यावर.

वसंता माझा कॉलेजातला मित्र. प्राध्यापकी सोडून तो इथल्या डोंगरातल्या एका गोंडांच्या गावात राहिला आणि त्यांच्यासोबत जंगल राखू लागला. गावामागे मोहाची राई आहे. तिची फुलं वाळवून ठेवायची आणि पावसाळा काढायचा, ही इथली रीत. झाडं तोडायला येणाऱ्या ठेकेदाराचा परवाना सागाचा, डोळा मात्र मोहावर. "वर्ध्याहून मनाई हुकूम आणतो. संध्याकाळपर्यंत एकही झाड पडू देऊ नकोस," असं सांगून वसंता दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मला त्यानं सोमीबाईच्या हवाली केलं.

सोमीबाई गावातली वडीलधारी. तिनं आधी विचारलं, "तुमी किती देवाचे, भाऊ?"

गोंडांत देवांच्या संख्येवरून कूळ कळतं (सारखे देव ते भाऊबंद, वेगळे ते सोयरे), हे मला कुठलं ठाऊक? मी ऐटीत म्हणालो, "तेहतीस कोटी."

"अगं माय! एवढ्याइले निवद कसा पुरते?"

तेवढ्यात ठेकेदाराचा ट्रक आला. माणसं कुऱ्हाडी घेऊन उतरली. मी धावत जाऊन सगळ्यांत जाड मोहाला कवटाळलं. त्यावर लाल मुंगळ्यांचा आधीच ताबा होता.

"हे काऊन नाचून राह्यले?" पुढच्या गड्यानं विचारलं.

"पावने हायेत," सोमीबाई म्हणाली. "तू किती देवाचा, बापू?"

"सहा."

"आमी सात. म्हंजे सोयरा झाला! सोयऱ्याच्या दारी कोणी कुऱ्हाड घेऊन येते काय? ठेव तिकडं, बस जेवाले."

दुसरा सात देवांचा निघाला. तो भाऊ, म्हणून त्यालाही भाकर. कुऱ्हाडी सोमीबाईच्या घराच्या कुडाला टेकल्या. अंबाडीची भाजी आली, उकडलेली मोहफुलं आली. मुकादम ओरडून दमला आणि शेवटी पंगतीत बसला.

संध्याकाळी वसंता हुकूम घेऊन धापा टाकत आला आणि मोठ्यानं वाचू लागला.

"भाऊ, हळू वाचा," सहा देवांचा गडी म्हणाला. "पोरीच्या सोयरिकीचं बोलणं चालू हाये."

राई उभी होती. मुंगळ्यांची आग विसरून मी वसंताला मिठी मारली. रिकाम्या ट्रकनंच मला आष्टीला सोडलं.

पुण्यात परतलो, तर दारातला कडुलिंब तोडायला माणूस आलेला. भाषण ओठांवर होतं. ते गिळून विचारलं, "गाव कुठलं तुमचं? या, जेवून घ्या."

कडुलिंब अजून उभा आहे. तो माणूस दर रविवारी जेवायला येतो. बायको कुरकुरते. मी तिला म्हणतो, आपलं एकच झाड आहे. सोमीबाईची अख्खी राई होती.