महायुद्धासाठी भरलेले गहू

आमच्या वडिलांचा रविवार सोनईच्या स्टँडवरून आणलेल्या पेपरने सुरू होतो. त्यातही आधी जागतिक राजकारणावरचा लेख. लिहिणारे गृहस्थ कधी देशाबाहेर गेले असतील असं मला वाटत नाही, पण महासत्तांच्या मनातलं त्यांना सगळं ठाऊक. त्यांच्या लेखात एक देश कायम कट रचत असतो, दुसरा कायम संयम पाळत असतो आणि महायुद्ध कायम पुढच्या आठवड्यात असतं. मी हसायचे. वडील मात्र पेनने ओळींखाली रेघा मारायचे.

ते हसणं माझ्या लग्नाच्या वेळी बंद झालं. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत, परदेशी कंपनीत कामाला. मला तो मनापासून आवडला होता, घरच्यांनाही पसंत होता. बैठक ठरणार, तेवढ्यात रविवार आला आणि लेखात त्या कंपनीचाच देश युद्धात ओढला गेला.

"कंपनी एका रात्रीत बंद व्हईल," वडील म्हणाले. "जगाचं काय व्हतंय ते बघू, मग ठरवू."

जगाचं व्हायचं ते होवो, माझं काय? रागाने मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

त्याच आठवड्यात त्यांनी दरवर्षीच्या दुप्पट गहू आणले. एरवी कडक ऊन दिल्याशिवाय कोठीत दाणा न जाऊ देणारा हा माणूस. पण युद्ध दारात असताना ऊन द्यायला सवड कुठली? पोती तशीच कोठीत रिकामी केली, वर कडुनिंबाचा पाला टाकला आणि झाकण लावलं.

पावसाळा सरत आला, युद्ध काही आलं नाही. एका सकाळी आईने कोठी उघडली आणि शांतपणे हाक मारली, "अहो, गव्हात टोके झालेत, किडलेत सगळे."

गच्चीवर गहू पसरले. गल्लीतल्या बायका निवडायला बसल्या. नेमकी त्याच दिवशी मुलाची आई शेवटचं विचारायला आली. त्यांच्याकडे दुसरं स्थळ सांगून आलं होतं. त्यांनी पसारा पाहिला, पदर खोचला आणि सूप ओढून घेतलं.

"भाऊ, येवढे गहू कशाला?"

आईच म्हणाली, "युद्धासाठी भरले हुते."

त्या पाखडत राहिल्या. "युद्धापतोर टिकायचे न्हाईत हे. तुळशीच्या लग्नापतोर टिकले तरी लई झालं. आपल्या कार्याला पुरतील."

बायका खाली माना घालून हसल्या. वडिलांनी मूठभर गहू उचलले, बराच वेळ निरखले. "तुळशीचं लगीन झालं की मुहूर्त बघू," ते म्हणाले. मी जिन्यात जाऊन आनंदाने रडले.

लग्नातल्या पुऱ्या त्याच गव्हाच्या. वडील स्वतः पंक्तीत फिरून आग्रह करत होते.

आता मी सुप्यात सुखाने नांदते आहे. कंपनी चालू आहे, नवरा ओव्हरटाइमला वैतागतो. लेखही चालूच आहे आणि तो वाचून झाला की वडिलांचा फोन येतो. गेल्या रविवारी आवाज गंभीर होता.

"या खेपेला खरं दिसतंय. गहू भरून ठेव."

"ठेवते, दादा."

"आन् आधी ऊन दे. चांगलं कडक," ते म्हणाले. "तेवढं थांबंल युद्ध."