कॉलरीतली पट्टी

आमच्या डोणगावच्या बाजारात एक शिंपी होता. शिलाई मशीनच्या पायडलवर ताल धरून तो स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. कडवं संपेपर्यंत गिऱ्हाइकाकडे मान वर करायचा नाही. त्याला लिहिता येत नव्हतं. मी शाळामास्तर, गाणी उतरवून घेऊन मीच त्याला मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीत नेलं. तिथे कवी म्हणून मात्र माझं नाव लिहून दिलं. आज पहिल्यांदाच हे सांगतोय.

त्याची पहिली रेकॉर्ड आली. कुणीतरी तिच्यावरचं कवीचं नाव वाचून दाखवलं आणि त्याने मला दुकानात बोलावलं.

"गुरुजी, कपडा माहा, शिलाई माही, अन् नाव तुमचं काऊन?"

"अरे, शिंप्याची गाणी कोण ऐकेल?"

"ऐकतीन, नाही तं राहतीन!"

शर्टाच्या कॉलरीत शिवायच्या आपल्या नावाच्या पट्ट्या त्याने काढल्या आणि त्याच्याकडे विकायला आलेल्या एकेका रेकॉर्डवर, माझ्या नावावर, खळ लावून चिकटवल्या. गाणं चालूच होतं.

"उभे काऊन? बसा. तुमच्या शर्टाची बटनं राह्यली."

तो शर्ट मी अजून घालतो. मानेला त्याचं नाव टोचतं. टोचू दे.