न कापलेली शांतता

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या लायब्ररीत २००४च्या सुमारास ती मला नेहमी भेटायची. तिथल्याच एका आदिवासी जमातीतली. सरकारशी झालेल्या जुन्या करारानं दिलेला मासेमारीचा हक्क कसा हिरावला गेला, यावर ती डॉक्युमेंटरी करत होती. बोलता बोलता मधेच थांबायची, दूरवरची नदी ऐकू आल्यासारखी.

फिल्ममध्ये तिचे म्हातारे काका विचारतात, "आमच्याच नदीत आम्ही चोर कसे?" आणि बराच वेळ गप्प बसतात. चॅनलवाले म्हणाले, "एवढी शांतता कापा, मग दाखवू."

तिनं ती कापली नाही. फिल्म लायब्ररीच्या हॉलमध्येच दाखवली.

पडद्यावर काका गप्प झाले. त्यांच्यामागे धुक्यातून पाणी वाहत राहिलं. माझ्या मुलीनं कुजबुजत विचारलं, "बाबा, इज ही क्राइंग?"

पुढच्या खुर्चीतून ती हळूच वळून इंग्रजीतच म्हणाली,

"नाही गं. उत्तराची वाट बघताहेत."