राजेशमची साफ केलेली गाणी

राजेशम गेल्याचं मला त्याच्या घरून कुणी कळवलं नाही. ते कळलं मोबाइलवर, जुन्या गाण्यांच्या एका ग्रुपवर, सकाळी दूध तापत ठेवलं होतं तेव्हा. कुणीतरी त्याच्या अल्बमचं मुखपृष्ठ टाकलं होतं, खाली दोन जोडलेले हात आणि ‘सोलापूरच्या रॉक अँड रोलचा जनक हरपला’. तोवर त्याला जाऊन तीन दिवस झाले होते. मुखपृष्ठावरचा फोटो मी निवडलेला, आणि ‘जनक’ हा शब्दही अल्बमसोबतच्या पुस्तिकेत मीच लिहिलेला. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. एकानं लिहिलं, ‘काय नितळ रेकॉर्डिंग!’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘चाळीस वर्षांपूर्वीचं वाटतच नाही.’ दूध उतू गेलं. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि मग लक्षात आलं की त्यांना हे असं ऐकवणारा मीच होतो... आता सहा आठवडे उलटलेत. पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, ‘तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांना प्रकाशात आणलंत.’ आणलं, हे खरं आहे. काय आणलं ते मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून आपणहून सांगतो.

मी मूळचा मंद्रूपचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो आणि तिथल्याच एका बोळात खोली घेतली. समोर राजेशमच्या काकांचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि टॉवेल विणणारे चार यंत्रमाग. सकाळपासून खट्टाक-खट्टाक चालायचं. पहिले आठ दिवस मला वाटलं आपण वेडे होणार, आणि नवव्या दिवशी ते ऐकूच येईनासं झालं. राजेशम तिथं जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. त्यासाठी त्याला मागाजवळ जावं लागत नसे. दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, “तीन नंबरचा लंगडतोय बग.” मला चारही सारखेच वाटायचे. माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखून तो हसायचा. “मास्तर, तुजे कान शाळंत ठिवून आलास की काय?”

रॉक अँड रोल त्याच्याकडे मंगळवार बाजारातून आलं. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड बिऱ्हाड गुंडाळून ऑस्ट्रेलियाला निघाला होता, त्याचं उरलंसुरलं सामान बाजारात विकायला आलं. राजेशमनं पाच तारांची एक गिटार उचलली आणि एक रेकॉर्ड. एका अमेरिकन गायकाच्या सुरुवातीच्या काळातल्या गाण्यांचा तो संग्रह होता, रॉक अँड रोलला अजून नीट नावही नव्हतं तेव्हाच्या. वेष्टनाचा वरचा भाग फाटलेला, त्यामुळे गायकाचा चेहरा हनुवटीपासून खालीच दिसायचा. राजेशम त्याला ‘मामा’ म्हणायचा. शेजारच्या हॉटेलवाल्याच्या रेकॉर्ड प्लेअरवर ती तबकडी त्यानं इतकी घासली की हॉटेलवाल्यानं हात जोडले. “हितं मामानं श्वास घेतलाय बग,” असं सांगत तो तीच ओळ पुन्हा लावायचा. मला शब्दांचे अर्थ विचारायचा. मी दोन-तीन गाणी ऐकली आणि इंग्रजीच्या मास्तराला शोभेल अशा तुच्छतेनं सांगितलं, “यात काही अर्थ नाही.” तो म्हणाला, “आर्थ कुणाला पायजे? तुजा पाय बग की कसा हालाय लागलाय.” हलत होता खरा.

एका दुपारी त्यानं वेष्टनाची मागची बाजू माझ्यापुढं धरली. तिथं बारीक अक्षरात बरंच काही छापलं होतं. मी वाचून मराठीत सांगत गेलो. एका गाण्याबद्दल लिहिलं होतं की त्या दिवशी ड्रमवाला आलाच नाही, म्हणून गायकानं पायाखाली लाकडी फळी घेतली आणि तिच्यावर बूट आपटून ठेका धरला. राजेशमनं ते वाक्य मला तीनदा सांगायला लावलं. “फळी? नुसती फळी?” मी चहा पिऊन शाळेत गेलो. त्या वाक्यातून त्यानं काय उचललं ते मला कळलं तेव्हा आम्ही दोघंही म्हातारे झालो होतो.

मग तो ऑर्केस्ट्रात गाऊ लागला. गणपतीत, लग्नांत, टेंभुर्णीपर्यंत बोलावणी. त्याची स्वतःची गाणी मात्र निराळीच होती. अर्धी ओळ तेलुगू, अर्धी मराठी, मध्येच दखनी, आणि विषय काय तर मुकादमाची मिशी, तुटणारं सूत, उशिरा येणारा चहा. ‘सोड की मुकादम, घोटभर चा पिऊ दे’ असं गात तो गुडघे वाकवून स्टेजभर सरकायचा, तेव्हा आधी लोक फिदीफिदी हसले आणि मग खुर्च्यांवर चढले. ही गाणी त्यानं कॅसेटवर भरून ठेवली होती. स्टुडिओ परवडणारा नव्हता, म्हणून रेकॉर्डिंग कारखान्यातच, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी. सुट्टी आली की मी आईला भेटायला मंद्रूपला जायचो. त्यामुळे त्याच्या स्टेजवरच्या कार्यक्रमांना मी डझनांनी गेलो, रेकॉर्डिंगला एकदाही नाही. “एकदा थांब की रं,” असं तो म्हणायचा. आईचं दुखणं, एस. टी.ची वेळ... कारणं खरी होती.

पुढं ऑर्केस्ट्रे संपले. कारखाना गेला. काकांनी माग भंगारात घातले आणि ते कुंभारीला राहायला गेले. राजेशमच्या छातीत सुताची धूळ कायमची बसली होती, आणि जे कान दारात उभं राहून मागाचं दुखणं ओळखायचे त्यांना आता समोरचं बोलणंही दोनदा सांगावं लागे. मी निवृत्त झालो होतो आणि जुन्या संगीतावर अधूनमधून लिहायचो. माझ्या एका लेखावरून पुण्याच्या दोन-तीन उत्साही तरुणांनी फोन केला. ते असे विस्मरणात गेलेले आवाज शोधून त्यांचे संग्रह काढत. मी हरखलो. राजेशमकडे धावत गेलो. त्यानं नऊ कॅसेटी असलेला बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला. “मामासारखंच व्हनार का रं? पाठीमागं बारीक अक्षरात लिवल्यालं?” असं विचारलं. मी म्हटलं, “मी लिहिणार आहे.”

महिन्याभरानं तिथल्या ध्वनी दुरुस्त करणाऱ्या मुलीचा फोन आला. गाणी छान आहेत, पण सगळ्याच गाण्यांत एका मशीनचा आवाज आहे, तो ठेवायचा की काढून टाकायचा, असं ती विचारत होती. मुलगी चांगली होती हो, तिनं विचारलं तरी. मी क्षणभरही विचार केला नाही. पूर्व भागात बाराही महिने तो आवाज असतोच, बिचाऱ्याला शांत जागासुद्धा मिळाली नव्हती, असं मी तिला सांगितलं. पुस्तिकेतही तसंच लिहिलं, ‘प्रतिकूल परिस्थितीत केलेली ध्वनिमुद्रणं’. आवाज काढून टाका, म्हणालो. कॅसेटींना बुरशी धरली होती, त्या परत पाठवू का, असंही तिनं विचारलं. मी म्हणालो, कशाला, आता सगळं संगणकात आलंय ना.

सुट्टीच्या दिवशी सगळा पूर्व भाग बंद असतो. माग बंद, मुकादम घरी, बोळात पोरं क्रिकेट खेळतात. मग त्या कॅसेटींवर माग कुठून आला? हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्या बोळात आयुष्य काढलेल्या माणसाला तर नक्कीच पडायला हवा होता. पण ज्याला तो आवाज नवव्या दिवसापासून ऐकूच येत नव्हता, त्याला कसला प्रश्न पडणार!

प्रकाशन सोलापुरातच झालं. हार, नारळ, शाल, भाषणं. माझं भाषण सगळ्यांत लांब. राजेशम इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसला होता. मग पहिलं गाणं लागलं. त्यानं मान पुढं काढली, उठला, काठी टेकत थेट स्पीकरजवळ गेला आणि त्यावर तळहात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं म्हातारा भारावला. तो माझ्याकडं वळून म्हणाला, “माग कुटाय?”

“तो आवाज काढून टाकला,” मी अभिमानानं सांगितलं. “आता तुझा आवाज बघ, किती स्वच्छ आलाय!”

त्यानं पहिल्या रांगेकडं पाहिलं. तिथं वहिनी, त्याची बायको, नव्या साडीत बसल्या होत्या. मला वाटलं, कौतुकानं पाहतोय. “व्हय,” तो म्हणाला, “लई स्वच्छ आलाय.” मनोगताला उभं केलं तेव्हा त्यानं फक्त नमस्कार केला.

पंधरा दिवसांनी मी घरी गेलो तेव्हा तो बोलला. रागावला नव्हता, रागावला असता तर बरं झालं असतं. जॉबर एखाद्या शिकाऊ माणसाला समजावतो तसं त्यानं मला समजावलं. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम एकच माग चालू ठेवायचा, त्याचा वेग गाण्याप्रमाणे कमी-जास्त लावून घ्यायचा, आणि त्या ठेक्यावर गायचं. “मामाला फळी, तसा मला माग. तूच वाचून दावलंतास की...” मग म्हणाला, “आता नुस्ता मी वरडतोय. खाली कायच न्हाय.” मला तोंड वर करवेना. “माजं जाऊ दे मास्तर. पन तेवढा माग परत लाव. घरात लई आवगड झालंय.” घरात कशासाठी अवघड, हे मी विचारलं नाही. वचन मात्र देऊन बसलो.

पुण्याला गेलो. कॅसेटी कचऱ्यात गेल्या होत्या. ती मुलगी नोकरी सोडून परदेशी गेली होती. साफ न केलेली गाणी आम्ही जपून ठेवत नाही सर, जागा फार लागते, असं तिथल्या मुलानं नम्रपणे सांगितलं. एस. टी.त बसून परत आलो. आणि इथून पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी राजेशमकडं गेलो नाही, त्याच्या गल्लीतून जाणंही टाळू लागलो. आज जाऊ, उद्या जाऊ. काहीतरी निघेल, कुणाकडं तरी एखादी नक्कल असेल, मग रिकाम्या हातानं जावं लागणार नाही... असे चार महिने गेले. तो कुठं पळून जाणार होता? दोन गल्ल्या सोडून तर राहत होता. ‘नाही मिळालं रे’ एवढं ऐकून घेण्याइतका तो मोठा होता, तेवढं सांगण्याइतका मी नव्हतो.

मोबाइलवर बातमी वाचून त्याच दिवशी गेलो. वहिनींनी बसायला सांगितलं. तक्रार केली नाही. फक्त म्हणाल्या, “रोज इचारायचे, मास्तर आला का, माग मिळाला का.” शेजारणीनं जेवण आणलं होतं, ‘तुमीबी दोन घास खावा’ म्हणाल्या. खाली मान घालून खाल्लं. हात धुऊन आलो आणि खाटेच्या कठड्यावर एक टॉवेल होता तो ओढला. “त्यो नको!” त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की मी दचकलो. तो हातातून काढून घेऊन त्यांनी मला दुसरा दिला.

जुना, मऊ पडलेला पांढरा टॉवेल. त्यात वीत-वीतभर अंतरावर तांबडे पट्टे. माल असा कधी विणत नाहीत. मी विचारलं, हे काय? त्यांनी तो मांडीवर पसरला. “गानं चालू करायच्या आदी मी तांबडं सूत घालायचे, दोन बोटं इनायचे. मग पांढरं घातलं की ह्ये गायला लागायचे. ह्या पट्ट्यापास्नं त्या पट्ट्यापतोर एक गानं.” त्यांचं बोट त्या वीतभर कापडावरून सावकाश सरकलं. “बाकीचे वापरून वापरून पोतेरं झाले. ह्यो एकच ऱ्हायलाय.”

“तुम्ही घालायचात? म्हणजे... माग तुम्ही चालवायचात?”

“मग कोन? त्यांचे हात तर गिटारीवर. त्यांनी मान हालवली की मी दांडा वडायचे, माग चालू. हात वर केला की बंद. कुटं थांबायचं, कुटं परत घ्यायचं, समदं मला पाठ.” त्यांनी टॉवेलवरची सुरकुती तळहातानं सारखी केली. “तुमच्या पुस्तकात बग म्हनले आमच्या नातीला, माजं नाव कुटं हाय का. न्हाय म्हनली.”

नऊ कॅसेटी भरून त्याच्यासोबत वाजवलेल्या त्या बाईला मी एका फोनवर पुसून टाकलं होतं, आणि प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसवून ते तिला ऐकवलं होतं. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. मग, माझ्या स्वभावाला काय म्हणावं, तेवढ्यातही मला सुचलं की या टॉवेलचा फोटो काढता येईल, अल्बमच्या पुढच्या आवृत्तीत त्यांच्या नावासकट छापता येईल, चूक थोडी तरी भरून निघेल. म्हणालो, “वहिनी, हा टॉवेल मला चार दिवस द्याल? जसाच्या तसा परत आणून देतो.”

त्यांनी टॉवेलची घडी घातली, पट्ट्यावर पट्टा नीट जुळवून, आणि उशीखाली सारली.

“न्हाय देत,” त्या म्हणाल्या. “तुमी त्यो बी साफ करून आनताल.”